ओझे चाकांवर, हिशेब पुलांवर

८ जुलै २०१९ रोजी महाराष्ट्रातून एक गाडी तिरुवनंतपुरमला निघाली आणि १९ जुलै २०२० रोजी तिथे पोहोचली. अंतर सुमारे १,७०० किलोमीटर. गाडीला ७४ चाके, बरोबर तीसेक माणसे आणि पाठीवर विक्रम साराभाई अवकाश केंद्रासाठी बनवलेला ऑटोक्लेव्ह. अग्निबाणांना लागणारे हलके, मजबूत भाग उष्णतेत आणि दाबाखाली पक्के करणारे हे अजस्र पात्र. वजन सुमारे ७० टन, उंची साडेसात मीटर, रुंदी ६.६५ मीटर. टाळेबंदीत ही गाडी आंध्र प्रदेशात महिनाभर अडकली. तो महिना धरून सरासरी काढली तर दिवसाला साडेचार किलोमीटर पडतात. आळंदीहून पंढरीला निघालेला वारकरी एका दिवसात याच्या तिप्पट चालतो.

वर्तमानपत्रांनी ही बातमी नवल म्हणून छापली आणि ती तशी होतीच. पण तिच्यातल्या एका आकड्याशी थांबायला हवे होते: ७० टन. अवजड वाहतुकीच्या जगात हे वजन फार मोठे नाही. औष्णिक वीजकेंद्रातल्या ५०० मेगावॉटच्या जनित्राचा स्टेटर, म्हणजे न फिरणारा भाग, एकटाच अडीचशे टनांच्या घरात जातो आणि तोही याच देशातल्या रस्त्यांवरून जागेवर पोहोचतो. मग ७० टनांना वर्ष का लागावे?

उत्तर वजनात सापडत नाही, मापात सापडते. आपल्याकडे महामार्गाची एक लेन साडेतीन मीटरची असते, म्हणजे दोन लेनचा रस्ता सात मीटरचा. साधे मालवाहू वाहन २.६ मीटरपेक्षा रुंद असू नये असा नियम आहे. ६.६५ मीटरचा माल रस्त्यावर उभा राहिला की दोन्ही बाजूंना मिळून एक फूटभर डांबर उरते. समोरून येणारी प्रत्येक गाडी आधी थांबवायची, मगच पुढे सरकायचे. महामार्गावरच्या पुलाखाली साधारण साडेपाच मीटरची मोकळी उंची ठेवलेली असते. साडेसात मीटरचा माल तिथून जाणारच नाही, त्याला बाजूचा रस्ता शोधावा लागतो. बाजूच्या रस्त्यावर झाडांच्या फांद्या आणि विजेच्या तारा. घरगुती विजेच्या तारा बांबूने उचलून धरता येतात. ११ किंवा ३३ केव्हीची वाहिनी आली की वीजमंडळाकडून पुरवठा बंद करून घ्यावा लागतो, आणि तो वेळ गाव ठरवते, गाडी नाही. ट्रेलर बिचारा तयारच असतो. तो आकाश मोकळे होण्याची वाट बघत उभा असतो.

असा माल वाहणारा हायड्रॉलिक ट्रेलर कितपत व्यवहार्य, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा गाडीच्या किमतीपासून सुरू होतो. तो रस्त्यापासून सुरू व्हायला हवा, असे मला हा विषय जितका खोलात पाहिला तितके अधिक पटत गेले. यंत्र म्हणून या ट्रेलरमध्ये खोट काढण्यासारखे फार थोडे आहे. त्याची उपयुक्तता ठरते ती त्याच्याबाहेर: पुलावर, तारेवर, परवान्याच्या कागदावर आणि माल जिथे घडतो त्या कारखान्याच्या जागेवर.

आधी यंत्र समजून घेऊ, कारण ते खरोखर सुंदर आहे.

साधा ट्रक पाट्यांवर उभा असतो. एका चाकाखाली खड्डा आला की त्या चाकावरचा भार हलका होतो आणि शेजारच्यावर वाढतो. दहा-बारा चाकांच्या गाडीला हे चालते. शंभर-दीडशे चाकांच्या गाडीत असे झाले तर काही चाके हवेत लटकतील आणि उरलेली फुटतील. हायड्रॉलिक ट्रेलरमध्ये पाटे नसतात. प्रत्येक चाकजोडीच्या वर तेलाचा एक दट्ट्या असतो, आणि हे दट्टे नळ्यांनी एकमेकांना जोडलेले असतात. एका चाकाखाली उंचवटा आला की त्याचा दट्ट्या दाबला जातो, त्यातले तेल शेजारच्यांकडे वाहते आणि ते तेवढे लांबतात. एका गटातल्या सगळ्या दट्ट्यांमध्ये दाब एकच राहतो, म्हणून प्रत्येक चाकावर भारही जवळपास एकसारखा. ट्रेलरचा मंच जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर असतो. तो तीसेक सेंटिमीटर वर आणि तितकाच खाली करता येतो. म्हणजे दोन फुटांची हालचाल हातात असते. एवढ्या भांडवलावर गाडी पुलाच्या तोंडाशी असलेला चढ, रस्त्याची खचलेली बाजू, घाटातल्या वळणाचा कल, सगळे पचवते.

दट्ट्यांचे गट तीन करतात किंवा चार. तीन गट केले तर माल तीन बिंदूंवर तोललेला असतो. त्यात मंचाला पीळ पडत नाही, पण मालाचा गुरुत्वमध्य त्या तीन बिंदूंच्या त्रिकोणाबाहेर गेला की गाडी कलंडू शकते. चार गटांत आधार रुंद मिळतो, त्या बदल्यात मंच आणि माल या दोघांनाही पिळाचा ताण सोसावा लागतो. कोणता माल कसा बांधायचा हे ठरवणारा माणूस कागदावर गुरुत्वमध्य काढतो, मालाच्या बुडाशी खडूने खूण करतो आणि ती खूण ट्रेलरच्या खुणेवर आणून बसवतो. पुढचे महिनाभर सगळ्यांचे प्राण त्या खडूच्या रेघेवर असतात.

या गाडीचा खरा चालक पुढे पुलरमध्ये, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत, बसलेला माणूस नसतो, निदान एकटा नसतो. ऑपरेटर ट्रेलरच्या बाजूने पायी चालतो. रस्ता डावीकडे उतरता झाला की डाव्या गटात तेल भरून मंच पुन्हा सपाट करतो. नळी फुटली तर तेवढ्याच दट्ट्याची तोटी बंद करून तो वेगळा पाडतो, बाकीचे भार वाटून घेतात. टायर फुटला तर तेवढे एक्सल वर उचलून टायर बदलता येतो, माल उतरवावा लागत नाही. मागच्या चाकांचे वळणही पुढच्यांशी जोडलेले असते, त्यामुळे पन्नास मीटर लांबीची गाडी तिच्या लांबीच्या मानाने आश्चर्य वाटावे इतक्या आखूड वळणातून निघते. घाट चढताना पुढे दोन पुलर, मागून एक ढकलायला. उतरताना मागचा पुलर गाडी धरून ठेवतो. हेल्पर लाकडी ठोकळे घेऊन चाकांशेजारून चालत असतात. ही माणसे महिनोन् महिने रस्त्याच्या कडेला राहतात, ट्रेलरच्या सावलीत स्टोव्ह पेटवतात, आणि त्यांची नावे कुठल्याही उद्घाटनाच्या पाटीवर येत नाहीत. ज्या वीजकेंद्रातून आपल्या घरात दिवा लागतो, तिथला प्रत्येक मोठा अवयव यांच्या पायांनी चालत गेलेला असतो.

आता हिशेब. मालाचा भार किती ओळींवर वाटायचा यावर सगळे ठरते. आठ टायरांच्या एका ओळीला या धंद्यात एक्सल म्हणतात, आणि कायद्याने अशा एका ओळीवर १८ टन चालतात. ओळीचे स्वतःचे वजनच चार टनांच्या आसपास असते. उरले चौदा. अडीचशे टनांचा स्टेटर न्यायचा तर अठरा ओळी लागतात, म्हणजे १४४ टायर आणि मालासह ट्रेलरचे वजन सव्वातीनशे टनांजवळ. हा ट्रेलर सुट्या भागांचा असतो. चार ओळींचा, सहा ओळींचा असे तुकडे जोडून हवा तेवढा लांब करता येतो, आणि परतताना तेच तुकडे एकमेकांवर रचून मोजक्याच गाड्यांवर घरी आणता येतात. रिकामी परतफेरी हा मालवाहतुकीतला सर्वांत मोठा खर्च. तो इथे बराच वाचतो.

एक गोष्ट इथे पुष्कळांना चुकीची वाटेल, पण गणित सरळ आहे. एवढी अवजड गाडी रस्ता मोडून टाकत असेल असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात १८ टन आठ टायरांवर वाटले की एका टायरवर सव्वादोन टन येतात. साध्या ट्रकच्या मागच्या चार टायरांच्या एक्सलला २०१८ पासून साडेअकरा टनांची मुभा आहे, म्हणजे एका टायरवर पावणेतीन टनांहून जास्त. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉय राज्यात रस्त्यांवर ट्रक फिरवून मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ठोकताळा जगभर वापरतात: एक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याचे नुकसान सुमारे सोळापट होते. त्या हिशेबाने हायड्रॉलिक ट्रेलरच्या ओळीचा चार टायरांचा, नऊ टनांचा अर्धा भाग रस्त्याला देतो तो त्रास भरलेल्या साध्या ट्रकच्या एक्सलच्या निम्म्याहून कमी आहे. आपले रस्ते उखडतात ते वाळू, सिमेंट आणि ऊस यांच्या अतिभारित गाड्यांनी. दीडशे चाकांची गाडी त्यांच्या तुलनेत रस्त्यावरून फार हलक्या पावलांनी जाते.

पूल मात्र टायर मोजत नाही. पुलाला एकूण ओझे लागते. ओळींमधले अंतर दीड मीटर, प्रत्येक ओळीवर १८ टन, म्हणजे लांबीच्या दर मीटरला १२ टन. दोन खांबांमधला गाळा तीस मीटरचा असेल तर वीस ओळींचा अख्खा ट्रेलर, ३६० टन, एकाच गाळ्यावर येतो. आपल्याकडे महामार्गांचे पूल नेहमी ज्या ‘७० आर’ वर्गाच्या वाहनासाठी तपासतात, त्याच्या चाकी प्रकाराचे एकूण वजन १०० टन आहे. फरक कुठे पडतो ते यात दिसते.

इंडियन रोड्स काँग्रेसने ही अडचण ओळखून आपल्या संहितेत एका विशेष वाहनाची भर घातली. २५ टनांचा पुलर आणि १८ टनांच्या वीस ओळी, एकूण ३८५ टन. त्याबरोबर अटी आहेत आणि त्या अटींमध्येच सगळे शहाणपण आहे. गाडी पुलाच्या मध्यरेषेवरून जावी, तीस सेंटिमीटरपेक्षा जास्त इकडेतिकडे नको. वेग ताशी पाच किलोमीटरपेक्षा अधिक नको. त्या वेळी पुलावर दुसरे वाहन नको. मध्यरेषेवरून गेली तर भार सगळ्या तुळयांमध्ये वाटला जातो, कडेची तुळई एकटी भरडली जात नाही. हळू गेली तर धक्क्याचा भार जवळजवळ नाहीसा होतो. एरवी पूल आखताना वजनात धक्क्याचा मोठा हिस्सा वेगळा धरावा लागतो. आणि पुलावर ब्रेक मारायचा नाही, कारण तीनशे टनांचा ब्रेक पुलाच्या बेअरिंगला आणि खांबाला आडवा बसतो. पुलाच्या तोंडाशी थांबून, ट्रेलर मधोमध आणून, सगळी वाहतूक अडवून चालत्या माणसाच्या वेगाने पलीकडे जाणारी गाडी बघून मागे खोळंबलेले लोक हॉर्न वाजवतात. त्या संथपणामुळेच तो पूल उद्या त्यांच्यासाठी उभा राहणार असतो.

पण ही संहिता नव्या पुलांसाठी. जुन्यांचे काय? १० एप्रिल २०२२ रोजी मध्य प्रदेशात इटारसीजवळ सुखतवा नदीवरचा पूल १३८ चाकांचा ट्रेलर वर असताना कोसळला. ट्रेलरवर इटारसीच्या वीज उपकेंद्राकडे निघालेले अवजड यंत्र होते. पूल १८६५ चा, आणि तो नागपूर-भोपाळ या हमरस्त्यावर. म्हणजे विदर्भातून उत्तरेकडे जाणारी शेकडो वाहने रोज त्याच्यावरून जात होती. ज्यांनी तो बांधला त्यांच्या कल्पनेत बैलगाड्या, तोफा आणि फार तर एखादे वाफेचे इंजिन असणार. त्याने दीडशे वर्षांहून अधिक काळ साथ दिली हेच मोठे. अशा पुलावरून एवढ्या ओझ्याची गाडी जाते याचा अर्थ कुठेतरी कागदावर तो पूल ‘चालेल’ या रकान्यात होता, किंवा त्याच्याबद्दल कुणी विचारलेच नव्हते. दोन्ही शक्यता सारख्याच भयंकर आहेत.

या धंद्यातले जुने लोक अशा पुलावर जातच नाहीत. ते नदीत उतरतात. उन्हाळ्यात पात्र कोरडे असते. पुलाशेजारी मुरमाचा भराव घालायचा, पाणी जायला खाली ह्यूम पाइप टाकायचे, वर लोखंडी पत्रे अंथरायचे, गाडी पार करायची आणि पावसाआधी भराव काढून टाकायचा. म्हणून अवजड मालाचा हंगाम बांधकामाच्या हंगामासारखाच दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृगाला संपतो. छोट्या ओढ्यावर ही सोय बिनतक्रार चालते. पण ती फार ताणली की काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारी घडले आहे.

त्रिपुरात पालाटाणा येथे ७२६ मेगावॉटचे वायुवीजकेंद्र उभे राहायचे होते. तिथली अजस्र टर्बाइने आणि जनित्रे आसामच्या डोंगराळ, वळणावळणाच्या रस्त्यांवरून नेणे अशक्य होते. मग बांगलादेशने वाट दिली. माल नदीमार्गाने आशुगंज बंदरात उतरवायचा आणि तिथून हायड्रॉलिक ट्रेलरांवरून आखाउडामार्गे आगरतळ्याला न्यायचा. २०११ मध्ये ही वाहतूक सुरू झाली. वाटेतले पूल एवढे ओझे पेलणार नव्हते, म्हणून शेजारून मातीचे रस्ते घातले गेले, काही कालव्यांमधून आणि एका ठिकाणी थेट तितास नदीच्या पात्रातून. अद्वैत मल्लबर्मन यांच्या ‘तितास एकटि नदीर नाम’ या कादंबरीची आणि ऋत्विक घटकांच्या चित्रपटाची हीच ती नदी, कोळ्यांच्या जगण्याची नदी. भरावाने तिचा प्रवाह अडला. मासेमारी, नावा, शेताचे पाणी यांवर परिणाम झाला आणि बांगलादेशात मोठा संताप उसळला. पुढे तो भराव काढण्यात आला.

वीजकेंद्र झाले, जून २०१३ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचा पहिला संच राष्ट्राला अर्पण झाला, आणि २०१६ पासून त्रिपुरातून बांगलादेशलाही १०० मेगावॉट वीज जाऊ लागली. त्या वाटेचा दोन्ही देशांना फायदा झाला हे खरे आहे. पण भाडे ठरवताना एक्सलचा दर, पुलरचे डिझेल, माणसांचा पगार, परवान्यांचे शुल्क मोजले जाते. नदीकाठच्या कोळ्याच्या बुडालेल्या हंगामाला त्या दरपत्रकात रकाना नसतो. एखादी वाहतूक ‘परवडली’ असे म्हणताना तो रकाना भरलाच पाहिजे. हा हिशेब टाळणारा अभियंता अर्धाच अभियंता आहे, असे मी मानते.

मोठ्या प्रकल्पांवरून आता जरा लहान कंत्राटदाराकडे येऊ, कारण हा प्रश्न बहुतेकांच्या आयुष्यात तिथेच येतो. दोन पोकलेन, एक डोझर, एखादा रोलर असलेल्या माणसाला हायड्रॉलिक एक्सलची गरज नाही. वीस टनांचा पोकलेन साध्या लोबेडवर, म्हणजे खालच्या मंचाच्या ट्रेलरवर, जातो. मालासकट गाडी कायद्याच्या मर्यादेत बसते, आणि साध्या मालवाहू जोडगाडीची कमाल मर्यादा आपल्याकडे ५५ टनांपर्यंत आहे. लोबेड घेताना त्याने बघायचे ते वेगळे. मंच किती खाली आहे, कारण पोकलेनची कमान दुमडली तरी ती उंच असते आणि मंचाचा प्रत्येक इंच तारेच्या हिशेबात मोजावा लागतो. आणि यंत्र वर चढवायचे कसे. मागच्या रॅम्पवरून साखळीपट्ट्याचे यंत्र चढवताना, विशेषतः पावसात, ते घसरून आडवे होण्याचा धोका असतो. ज्या लोबेडची मान हायड्रॉलिकने सुटते आणि पुढचा भाग जमिनीला टेकतो, तिच्यावर यंत्र समोरून जवळजवळ सपाट चढते. किंमत जास्त, मान सोडायला-जोडायला जागा आणि सपाट जमीन लागते, तेलाच्या नळ्या आणि सील यांची देखभाल मागे लागते. रोज जागा बदलणाऱ्या कंत्राटदाराला ती परवडते. एका खाणीवर सहा महिने मुक्काम ठोकणाऱ्याने भाड्याने आणावी. साठ-सत्तर टनांच्या पुढच्या यंत्राला अनेक ओळींचा ट्रेलर लागतो. दोनशे टनांचा खाणीतला शोव्हेल मात्र कुणीच अखंड नेत नाही. तो सुटा येतो आणि खाणीवरच जोडला जातो.

‘सुटा येतो’ या दोन शब्दांशी सगळ्या मोठ्या प्रकल्पांनी थांबले पाहिजे. हे तोडून नेता येईल का? हा प्रश्न ट्रेलर मागवण्याच्या वेळी विचारून उपयोग नसतो, तो आराखड्याच्या टेबलावर विचारावा लागतो.

फ्रान्समध्ये कादाराश येथे ‘इटेर’ हा संलयन ऊर्जेचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प उभा राहतो आहे. त्याच्या भोवतीचे पोलादी आवरण, क्रायोस्टॅट, भारताच्या वाट्याला आले. २९ मीटर उंच, तितकेच रुंद, वजन ३,८५० टन. ते गुजरातमध्ये हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात घडले, पण एकसंध नव्हे, ५४ तुकड्यांत. तुकडे समुद्रमार्गे फ्रान्सला गेले, प्रकल्पाच्या आवारातच बांधलेल्या कार्यशाळेत वेल्ड होऊन जोडले गेले. त्यातला तळाचा भाग एकटाच १,२५० टनांचा. मे २०२० मध्ये तो जागेवर उतरवला गेला. तोडता येईल तेवढे तोडले, जागेवर जोडण्याची तयारी आधीच केली.

ज्या वस्तू तोडता येत नव्हत्या त्यांच्यासाठी फ्रान्सने रस्ताच तयार केला. बेर सरोवराच्या काठापासून कादाराशपर्यंत १०४ किलोमीटरची एक ठरावीक वाट आखली, तिच्यावरचे पूल बळकट केले, चौक बदलले, गावांना वळसे दिले. खरा माल यायच्या आधी सप्टेंबर २०१३ मध्ये काँक्रीटचे ठोकळे लादलेला ३५२ चाकांचा, ८०० टनांचा ट्रेलर त्या वाटेवरून चार रात्रींत चालवून बघितला. पूल किती वाकले, वळणावर काय घासले, सगळ्याची नोंद घेतली. आणि मगच खरा माल रस्त्यावर आला. रस्त्याची परीक्षा रस्त्याने आधी दिली होती.

महाराष्ट्रानेही हे करून दाखवले आहे, फक्त आपण त्याकडे वाहतुकीच्या दृष्टीने बघितले नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाला वांद्रे-वरळी सेतूशी जोडणारी मोठी धनुष्याकृती तुळई २६ एप्रिल २०२४ रोजी बसवली गेली. २,००० टनांची, १३६ मीटर लांब. तिचे छोटे भाग हरियाणातल्या अंबाल्यात बनले, सुमारे ५०० साध्या ट्रेलरांवरून न्हाव्याला आले, खाडीकाठी जोडले गेले, आणि पूर्ण तुळई तराफ्यावरून भरतीच्या वेळा सांभाळत वरळीला आली. अंबाला ते न्हावा या रस्त्यावर एकाही पुलाला या प्रकल्पाचा भार जाणवला नसेल. अशा कामात हायड्रॉलिक ट्रेलरची कामगिरी उरते ती शेवटच्या टप्प्यात, किनाऱ्यावरच्या थोड्या अंतरात. तिथे त्याच्यासारखे दुसरे काही नाही. कारखान्याच्या धक्क्यावरून तराफ्यावर माल चढवताना पाणी भरतीने वर येत असते, तराफा ओझ्याने खाली जात असतो, आणि ट्रेलरचे पुढचे चाक तराफ्यावर, मागचे जमिनीवर असते. त्या क्षणी मंच सपाट ठेवू शकेल असे यंत्र एकच.

म्हणून किनाऱ्याला कारखाना असणे हा मोठा फायदा. हजिऱ्याच्या कारखान्याला स्वतःचा धक्का आहे. तिथून निघालेले अवजड पात्र गावांच्या तारा न उचलता जगात कुठेही जाते. आपले जुने अवजड कारखाने मात्र आत, पठारावर आहेत. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात अग्निबाणांच्या मोटारींची आवरणे घडतात. पुणे, नाशिक, नागपूरच्या औद्योगिक वसाहतींमधून दाबपात्रे, बॉयलरचे भाग, रोहित्रे निघतात. साताऱ्याच्या आणि धुळ्याच्या पवनचक्क्यांची लांबलचक पाती घाटांतून चढली ती याच रस्त्यांनी. कारखाना हलवता येत नाही. रस्ता सुधारता येतो.

आणि इथे मला काळजी वाटते. आपले नवे महामार्ग वेगासाठी बांधले जात आहेत, ते योग्यच आहे. पण त्यांच्यावर ओळीने गावरस्त्यांचे पूल आडवे येतात आणि उंच मालासाठी आकाश बंद होत जाते. रेल्वेच्या विद्युतीकरणाने फाटकांवर पावणेपाच मीटरच्या आसपास उंचीची कमान उभी राहिली. फाटके जाऊन उड्डाणपूल आले, म्हणजे जो माल रुळांवरून सपाट जात होता त्याला आता पूल चढावा लागतो. यातली प्रत्येक सुधारणा स्वागतार्ह आहे. त्यांच्या बेरजेत अवजड माल कुठून जाणार, हे कुणाच्याच नकाशावर नाही.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये देशभरातल्या पुलांची नोंद ठेवणारी यंत्रणा सुरू केली, दीड लाखांहून अधिक पुलांची माहिती तिच्यात गोळा झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाडला सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला होता आणि माणसे गेली होती. पुलांचे वय म्हणजे काय हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. अवजड मालाच्या परवान्यासाठी आता केंद्रीय ऑनलाइन व्यवस्थाही आहे. तरीही आज वाहतूकदार प्रत्येक फेरीआधी स्वतःचा माणूस मोटारसायकलवर पाठवून पूल, तारा, फांद्या मोजून आणतो, आणि पुढच्या महिन्यात दुसरा वाहतूकदार त्याच रस्त्यावर तेच मोजतो.

पहिले काम अगदी साधे आहे. पुणे, नाशिक आणि नागपूरच्या औद्योगिक वसाहतींपासून न्हावाशेवा आणि दिघी बंदरांपर्यंत प्रत्येकी एक वाट निवडायची. तिच्यावरच्या प्रत्येक पुलाची क्षमता तपासून ती पुलाच्या खांबावर आणि संकेतस्थळावर लिहायची. त्या वाटेवरच्या तारा एकदाच उंच करायच्या किंवा जमिनीखाली न्यायच्या. जिथे ओढ्यात दरवर्षी भराव पडतो तिथे कायमची पक्की फरशी बांधायची, म्हणजे ना पाणी अडेल ना मासे. टोलनाक्यांवर रुंद मालासाठी कडेला एक मोकळी लेन असते, तशी जागा या वाटेच्या प्रत्येक चौकात ठेवायची, आणि वाट तयार झाली की काँक्रीटचे ठोकळे लादलेला एक ट्रेलर तिच्यावरून चालवून बघायचा.